'खायला काळ': अभ्यासिकेतल्या एका मुलीचं प्रकरण

तिच्या अंगात स्वेटर होता. एप्रिलचा तिसरा आठवडा, पुण्यातलं ऊन, दुपारचे साडेतीन. खुर्चीत बसताना तिने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि तासभर बाहेर काढले नाहीत. गार पडतात म्हणाली.

वय २४. विज्ञानाची पदवी, राज्यसेवेची तयारी, सदाशिव पेठेत चौघींत एक खोली, जवळच्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक खुर्ची. गाव कराडकडचं, घरी ऊस. महिन्याच्या सुरुवातीला अभ्यासिकेचा जिना चढताना ती चक्कर येऊन पडली होती. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. नाडी मोजली तर मिनिटाला ४४. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं. पाच महिने पाळी नाही. हातांवर बारीक, मऊ लव, जी उपासमार लांबली की दिसायला लागते. थायरॉइड, क्षय, रक्तक्षय हे सगळं तपासून झालं. आठ दिवस दाखल ठेवलं, मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं आणि त्यांनी पुढच्या कामासाठी तिला माझ्याकडे पाठवलं.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. काही तपशील अशाच दुसऱ्या दोघींचे आहेत. नाव मुद्दामच ठेवलेलं नाही. वजनाचे आणि उष्मांकांचे आकडेही देणार नाही, कारण हे वाचणाऱ्या एखादीला तोच आकडा गाठायचा पल्ला वाटू शकतो. तिने हे लिखाण वाचलंय, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्यात आणि छापायला होकार दिलाय.

निदान अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार. मराठीत याला क्षुधानाश म्हणण्याची पद्धत आहे आणि तो शब्द मला कधीच पटलेला नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली हे नाव रूढ केलं, तेही भूक नसणे याच अर्थाने. पण भूक जात नाही. पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १९०३ साली नादिया नावाने एका तरुणीचं प्रकरण नोंदवलं. तिला भूक लागायची, चांगली लागायची. जाने यांनी तिच्या आजाराचं मूळ भूक नसण्यात शोधलं नाही, शरीराच्या लाजेत शोधलं. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना आपण अजून अशा मुलीला 'तुला भूक का लागत नाही?' असं विचारतो, याचं मला वाईट वाटतं. भूक लागते. ती लागते म्हणूनच तर तिची लाज वाटते.

पहिली भेट

सोबत आई होती. आत आल्या आल्या तिने पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. धपाटी आणि दही. "काय पायजे ते करून घालते मॅडम, पर ही ताटाला हात लावंना." मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

आईला बाहेर बसवून मी नेहमीचे प्रश्न विचारले. जाड होण्याची भीती वाटते का? आरशात कशी दिसतेस? तिने नीट विचार करून उत्तर दिलं, "तसं काही नाही मॅडम. म्हणजे थोडं असेल. पण खरं सांगू का, माझा खायचा हक्कच नाही असं वाटतं."

हे वाक्य मी शब्दशः लिहून घेतलं. पाठ्यपुस्तकात या आजाराच्या मध्यभागी लठ्ठपणाची भीती असते. पण हाँगकाँगमधल्या तज्ज्ञांनी १९९०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की तिथल्या कित्येक रुग्ण मुलींमध्ये ही भीती नव्हतीच. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांनीही तशा मुली पाहिल्यात आणि नोंदवल्यात. तिला बारीक व्हायचं नव्हतं. तिला कमी खर्चिक व्हायचं होतं.

मग उपवासांचा विषय निघाला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. पूर्वी घरी ती फक्त आषाढी करायची. मी सहज विचारलं, "उपवासाला काय खातेस?" ती गप्प. ज्या घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण जिथे हसत म्हटली जाते, तिथली मुलगी उपवासाला पाणी पिऊन राहते, ही खूण महत्त्वाची असते. खोलीत कुणी टोकलं नव्हतं, कारण उपवास करणाऱ्या मुलीला कोण टोकणार? उलट कौतुक होतं. लपायला इतकी चांगली जागा आपल्या घरांत दुसरी नाही.

वही

तिसऱ्या भेटीत ती वही घेऊन आली. दोनशे पानी, वर 'चालू घडामोडी' असं लिहिलेलं. पुढून नोट्स होत्या, मागून हिशोब. लाल पेनाने आखलेले रकाने, पट्टीने, एकही रेघ वाकडी नाही.

पहिला रकाना होता 'आप्पा'. त्यात वडिलांनी पाठवलेला प्रत्येक रुपया तारखेसह. खोलीभाडं, अभ्यासिका, डबा, टेस्ट सिरीज. ती पुण्याला आली त्या दिवसापासूनचा. दुसऱ्या वर्षी शेजारी आणखी एक रकाना आला, अभ्यासाचे तास. आणि तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सोमवारपासून तिसरा रकाना सुरू झाला. त्यात पोळ्या. तासांसमोर पोळ्या. जितके तास भरले, तितक्या पोळ्या मंजूर. तास कमी पडले की त्या रकान्यात लहानशी आडवी रेघ.

मी ती वही बराच वेळ चाळत होते. हा पहारेकऱ्याने ठेवलेला हजेरीपट होता, आणि पहारेकरी आणि कैदी दोघांचं अक्षर एकच होतं.

कामाच्या दृष्टीने या वहीची किंमत मोठी होती. लाज, अपराधीपणा आणि खाण्यावरचे निर्बंध यांच्यावर बरेच अभ्यास झालेत आणि या मुलींमध्ये दोन्ही भावना जास्त असतात हे त्यांत पुन्हापुन्हा दिसलंय. पण बहुतेक अभ्यास एकाच वेळी सगळं मोजतात. आधी काय आलं हे त्यातून कळत नाही, आणि उपासमार स्वतःच मन इतकं काळवंडून टाकते की कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे रुग्णालाही सांगता येत नाही. इथे मात्र तारखा होत्या. आधी पैशाचा हिशोब, मग तासांचा, मग अन्नाचा. अपराधीपणा अन्नाच्या दोन वर्षं आधीपासून खोलीत राहत होता.

तारखांवरून मी तिच्यासोबत मागचं वर्ष जुळवलं. मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न. तिथे एक चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "पुण्याचं पाणी मानवलं गं हिला. बसून खाऊन अंग धरलंय." ही हसली होती. त्या दिवशी खरंच काही वाटलं नाही, असं ती म्हणते आणि माझा त्यावर विश्वास आहे. जूनमध्ये गावी विहिरीवरची मोटार जळाली, आप्पांचे पैसे उशिरा आले आणि तिने न सांगता दोन वेळचा डबा एक वेळ केला. ऑगस्टमध्ये पूर्व परीक्षेचा निकाल लागला. कट-ऑफपासून अडीच गुण कमी. दुसरा प्रयत्न होता. तिसरा रकाना निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालाय.

निकाल लागला आणि मेमधलं वाक्य परत आलं. 'बसून खाऊन'. आता ते तिला टोमणा न वाटता निवाडा वाटला. त्याच्या मागून आणखी एक वाक्य आलं, जे तिच्याबद्दल कधी कुणी बोललंच नव्हतं. घरी एक चुलता काही कामधंदा न करता बसून असायचा आणि आजी त्याला रोज संध्याकाळी ऐकवायची, 'खायला काळ अन् भुईला भार'. लहानपणी ही जेवत असताना समोर हे चालायचं.

आपल्या भाषेत न कमावणाऱ्याची निंदा जवळजवळ नेहमी जेवणावरून होते. आयतं खातो, फुकटचं गिळतो, बसून खातो, खायला काळ. घरात अन्न पूर्णब्रह्म असतं, आणि त्याच घरात ते कुणी खावं याचा हिशोबही असतो. बहुतेक माणसं हे ऐकून सोडून देतात. पण एखादी हिशोबी, प्रामाणिक, दुसऱ्याचं देणं डोक्यावर नको असणारी मुलगी तो शब्द न् शब्द खरा मानते. बहुधा अशाच मुली आजारी पडतात. बेफिकीर मुली सहसा नाही पडत.

मन खाणं आणि लाज वाटणं

हेलन ब्लॉक ल्युइस या मनोविश्लेषक बाईंनी १९७१ मध्ये या दोन भावनांमधला फरक मांडला, तो आजही या कामाचा पाया आहे. अपराधीपणात माणसाचं लक्ष कृत्यावर असतं, लाजेत स्वतःवर. मराठीत हा फरक आधीच पडून आहे. चूक झाली की आपण म्हणतो 'मन खातं'. लाजेत म्हणतो 'धरणी पोटात घेईल तर बरं'. मन खात असलं की माणूस काहीतरी करायला धडपडतो, माफी मागतो, भरपाई करतो. धरणीच्या पोटात जायचं असेल तर करण्यासारखं काहीच नसतं, फक्त दिसेनासं व्हायचं असतं. आणि दिसेनासं होण्याचा सगळ्यात शब्दशः मार्ग म्हणजे न खाणं.

हिच्यात दोन्ही एकमेकांत गुंतले होते. ताट नाकारलं की मन खायचं थांबे. शिवाय तिला त्यात थोडा अभिमानही वाटायचा. "निदान एक गोष्ट तरी मला जमते, असं वाटायचं," ती म्हणाली. निकाल तिच्या हातात नव्हता, कट-ऑफ नव्हता, जाहिरात कधी निघेल हे नव्हतं. पोळी होती. पण भुकेल्या मेंदूला वाचलेलं आठवत नाही. तास भरायचे, पान पुढे सरकायचं नाही, पोळी आणखी कापली जायची. आणि घरून फोन आला की "जेवलीस का?" या प्रश्नाला "हो" असं खोटं उत्तर. या खोट्याचीही मग लाज.

माझी चूक

ही चूक सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होणार नाही. चौथ्या भेटीत, वजन वाढत नाही म्हणून काळजीत, मी तिला म्हणाले, "आई-आप्पांकडे बघून तरी खा." या आजारात घरचे सगळे हेच म्हणतात आणि हेच म्हणू नये असं मी स्वतः घरच्यांना सांगत आले आहे. तरी तोंडून गेलं. पुढच्या आठवड्यात वजन उतरलेलं होतं.

त्याच सुमारास आप्पा आले. धोतर-टोपीतला, हळू बोलणारा माणूस. मुलीच्या परवानगीने मी त्यांना वही दाखवली. त्यांनी 'आप्पा' हा रकाना वाचला, पुढची पानं उलटली, वही मिटून मांडीवर ठेवली आणि तिला म्हणाले, "जनावराला बी आदी वैरण टाकतो आपण, मग जुपतो. उपाशी बैलाकडनं कुणी नांगर ओढून घेतो व्हय?"

मला वाटलं, आता गाठ सुटली. इतकं खरं आणि इतकं प्रेमाचं बोलणं या खोलीत मी क्वचित ऐकलंय. ती खूप रडली. आणि त्या रात्री तिने रोजच्यापेक्षा कमी खाल्लं.

का, हे समजायला मला तीन आठवडे लागले. ज्याला आपण नालायक आहोत असं आतून वाटतं, त्याच्यावर कुणी माया केली की कर्ज उतरत नाही, वाढतं. 'एवढा चांगला बाप आणि त्याच्या पोटी मी.' आप्पांचं वाक्य अपराधीपणाला उत्तर होतं. तिच्या लाजेला आम्ही कुणी हात लावला नव्हता, कारण ती कशाची आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

नववी भेट

त्या दिवशी ती आत आली ती खाली मान घालूनच. एक गोष्ट सांगायची आहे, पण तुम्ही माझ्याकडे बघू नका, म्हणाली. मी माझी खुर्ची उचलून तिच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून ठेवली. दोघी खिडकीकडे बघत बसलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी तरी वाळवण घालत होतं. बराच वेळ तेच चाललं होतं.

ऑगस्टमधली निकालाची रात्र. खोलीतल्या मैत्रिणी झोपल्या होत्या. एकीच्या आईने गावाहून डिंकाचे लाडू पाठवले होते, स्टीलच्या डब्यात, कपाटावर. हिने अंधारात डबा उतरवला आणि उभ्याउभ्याच खायला लागली. किती खाल्ले आठवत नाही. डबा जवळजवळ रिकामा झाला. मग तळाशी उरलेला चुरा बोटाने सारखा केला, झाकण लावलं, डबा वर ठेवला.

दोन दिवसांनी विचारणा झाली. ही म्हणाली, "मला नाही माहीत." खोली झाडायला येणाऱ्या मावशींवर संशय गेला. ही तिथेच बसली होती, वहीत डोकं घालून. मावशींना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

"मी चोर आहे मॅडम. खादाड आणि चोर."

तिसरा रकाना निकालाच्या दुसऱ्या दिवशी का सुरू झाला याचं उत्तर आता मिळालं. इतके दिवस मी त्या तारखेला निकालाची तारीख समजत होते. ती लाडवांचीही तारीख होती. तेव्हापासून ती एका गुन्ह्याची शिक्षा भोगत होती, आणि शिक्षा भलत्याच गोष्टीला होत होती.

आम्ही त्या रात्रीचे दोन भाग केले. पहिला, लाडू खाणं. मी तिला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीवर झालेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू केलेला. ३६ धडधाकट तरुण पुरुष, स्वेच्छेने आलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजनं सुमारे चौथ्या हिश्शाने उतरली. या पुरुषांना दिवसभर अन्नाशिवाय काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, ताटं चाटायला लागले, आणि काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं व मग त्यांना त्याचा भयंकर पश्चात्ताप झाला. त्यांना कुठली परीक्षा नव्हती, कुठली चुलती बोललेली नव्हती. जूनपासून एका वेळच्या डब्यावर राहिलेल्या मुलीसमोर ऑगस्टमध्ये डिंकाचे लाडू आले तर तिचं शरीर तेच करणार. यात चारित्र्याचा प्रश्न कुठे आला?

तिने विचारलं, "ते पुरुष होते?" हा प्रश्न तिने पुढच्या दोन भेटींतही विचारला.

दुसरा भाग वेगळा होता. मावशींवर आळ आला आणि ही गप्प बसली. याबद्दल मी तिला 'तुझी काही चूक नाही' असं म्हणाले नाही. चूक होती. गरीब बाईचं काम गेलं होतं. इथे मन खात होतं ते बरोबर खात होतं, आणि हा खरा अपराधीपणा मी पुसून टाकला असता तर तिच्या प्रामाणिकपणाचा मी अपमान केला असता. एवढंच म्हणाले, की याची भरपाई उपाशी राहून होणार नाही. मावशींना त्या पोळ्यांचा काय उपयोग?

पंधरा दिवस गेले. मग तिने तिन्ही मैत्रिणींना एकत्र बसवून सांगितलं. एक चिडली, एक रडली. जिचे लाडू होते ती म्हणाली, "अगं, मागितले असतेस तर डबाच दिला असता." मावशींचा पत्ता शोधून ही पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्या घरी गेली, एकटीच. मावशींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भूक काय कुणाला चुकलीय. पर चारचौघींत चोर म्हनून घेतलं मी. ते न्हाई जात." कामावर परत यायला त्या तयार झाल्या नाहीत. दुसरीकडे काम मिळालं होतं.

माफी मिळाली नाही, निदान पुरती नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मला धास्ती होती. पण तिने सांगितलं, "मॅडम, मला खूप वाईट वाटतंय. पण वेगळं वाईट वाटतंय." त्या रात्री ती आईसोबत जेवली होती. भात मागून घेतला होता.

आईचं ताट

जेवणाचं काम याच्या समांतर चालू होतं आणि खरं तर तेच आधी. उपाशी मेंदूशी बोलून फार काही होत नाही. या आजारात वजन परत आणणारं औषध नाही, अन्न हेच औषध, आणि तेही सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सावकाश वाढवावं लागतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून तर आधी दाखल केलं होतं. घरच्या घरी 'आता दणकून खायला घाला' हा सल्ला कुणी देऊ नये.

आई दोन महिने पुण्यात राहिली, एक खोली भाड्याने घेऊन. तीन जेवणं, मध्ये दोनदा काहीतरी, घड्याळाप्रमाणे. अभ्यास झालेला असो वा नसो. ताटावर विनवणी नाही, शपथा नाहीत, 'माझ्यासाठी एक घास' नाही. बोलायचं ते गावाचं, पावसाचं, शेजारच्या म्हशीचं.

आणि एक अट मी आईला घातली. तिच्याबरोबर बसून, त्याच वेळी, तितकंच गरम जेवायचं.

बाई अवघडल्या. हसल्या, पदर सारखा केला. "मला न्हाई जमायचं मॅडम. आदी बसायची लाज वाटती." तीस वर्षं त्या सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, बहुतेकदा चुलीजवळ बसून जेवल्या होत्या. सासूसमोर घास घेणं त्यांना माहीत नव्हतं. मुलगी हे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, ते मी आधी पाहिलं नव्हतं. तिला राग आला होता. आईवर नाही, आईसाठी. "आई, तू दिवसभर राबतेस आणि तुला बसायची लाज वाटते?"

मी काही बोलले नाही. तिने स्वतःच ते वाक्य ऐकलं असणार.

पहिल्या दिवशी आई भाकरी तव्यावर टाकायच्या निमित्ताने तीनदा उठली. दुसऱ्या दिवशी मुलीने भाकऱ्या आधीच करून ठेवायला लावल्या. आठवड्याने दोघी समोरासमोर बसून जेवायला लागल्या, मध्ये ठेचा आणि कांदा. लाज नेहमी मुलीच्या डोक्यातून सुरू होत नाही. ती कधीकधी स्वयंपाकघरात कुणी कुठे बसायचं इथून चालत येते.

पुढे

सप्टेंबरमध्ये पाळी परत आली. नाडी साठीच्या वर टिकली. नोव्हेंबरात एक घसरण झाली. घरी स्थळाचं बोलणं निघालं, फोटो काढायचा म्हणून कुणीतरी 'आता छान दिसतेस, एवढीच राहा' असं म्हणालं आणि दहा दिवस संध्याकाळचं जेवण बंद. यावेळी तिने स्वतः फोन केला. पूर्वीची ती लपली असती. पोहे-कार्यक्रम परीक्षेनंतर, असं आप्पांनी घरात जाहीर केलं.

वही अजून आहे. पहिले दोन रकाने ती ठेवते. त्यात मी ढवळाढवळ केली नाही, बापाच्या पैशाची जाण असणं हा आजार नाही. तिसरा रकाना तिने आखायचा थांबवला. मधले काही महिने ती जागा कोरी सोडत होती, हल्ली दोनच रेघा मारते. उपवास फक्त आषाढीचा, खिचडी खाऊन. 'मी नसते तर आप्पांचा खर्च वाचला असता' असं ती सुरुवातीला म्हणाली होती. तो प्रश्न मी अजून दर भेटीत सरळ शब्दांत विचारते. असे विचार येत असतील, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीतून बोलता येतं.

यंदाची पूर्व परीक्षा तिने दिली. आता निकालाची वाट बघणं चालू आहे आणि ती कशी पार पाडायची याची आखणी आम्ही मागच्या भेटीत केली. निकाल लागेल त्या दिवशी खोलीवर एकटी थांबायचं नाही. रात्रीचं जेवण लाडूवाल्या मैत्रिणीबरोबर, कट-ऑफ काहीही असो. निकाल रविवारी लागला तर संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून मैत्रिणीच्या गॅसवर पिठलं-भात, सामान आधीच आणून ठेवलेलं. कराडहून आई त्या रात्री नऊला फोन करील. "जेवलीस का?" असं विचारायचं नाही, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. मग काय विचारू, म्हणाली. मुलीनेच सांगितलं, "तू काय जेवलीस ते सांग."